बस आधी की रेल्वे आधी

मला एसटी लागते. सपाट रस्त्यावर कशीबशी निभावते, पण घाट आला की माझं काही खरं नाही. लहानपणी पेणहून पुण्याला आत्याकडे जायचं म्हटलं की आई आधी आलेपाक शोधायची आणि मग माझ्या चपला. माझं लग्न पेणमधल्या पेणमध्येच ठरलं, वरात चालत गेली, तेव्हा सगळ्यात मोठा सुटकेचा निःश्वास माझ्या वडिलांनी सोडला होता. रेल्वे लागत नाही, होडी लागत नाही, टेंपोच्या मागे गणपतीच्या मूर्तींबरोबर बसून मी पनवेलपर्यंत गेलेली आहे, तेही लागलं नाही. फक्त बस.

हे एवढं फोडून सांगायचं कारण, काही वर्षांपूर्वी माझं पोट हा दोन घरांचा जाहीर प्रश्न होऊन बसला होता.

आमची मुलगी नोकरीसाठी परदेशात असते. तिने तिकडच्या एका मोठ्या जहाजावरची सहल आमच्यासाठी ठरवली. आमच्यासाठी म्हणजे आम्ही दोघं, शिवाय रोह्याशेजारी वरसेला राहणारी माझी ताई आणि भावोजी. मुलीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या वरसेला गेलेल्या, त्यामुळे त्यांना सोडून आम्हाला नेणं तिच्या मनातही आलं नसतं. जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणार, रोज एका बंदराला लागणार, आणि उतरून कुठे फिरायचं ते आपण आधीच निवडून ठेवायचं. त्यातल्या एका बंदरात डोंगर चढणारी रेल्वे होती. धबधब्यांच्या कडेकडेने रेल्वेने वर जायचं आणि बसने वळणावळणांनी खाली यायचं. किंवा उलट, बसने चढायचं आणि रेल्वेने उतरायचं. डोंगर तोच, धबधबे तेच, मधलं जेवणही तेच.

“आई, बस आधी की रेल्वे आधी, एवढंच सांग,” मुलगी फोनवर म्हणाली. “लवकर सांग पण. जागा भरतायत.”

“बस नकोच,” मी म्हटलं.

“बसशिवाय नाहीये ती ट्रिप. नाहीतर दिवसभर जहाजावर बसून राहावं लागेल.”

बसून राहायला मी एका पायावर तयार होते. पण हे शेजारी फोनला कान लावून उभे. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, “अगं, आम्ही विचार करून कळवतो.”

तो विचार पेण आणि वरसे या दोन गावांमध्ये पुढचे कित्येक दिवस चालला. ताईचं म्हणणं, बस आधी घ्यावी. सकाळच्या पारी काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, मग दिवस मोकळा. त्यावर भावोजींचं म्हणणं, म्हणजे ही वर पोहोचेपर्यंत आडवी होणार, आणि उतरताना रेल्वेतून जगातला सगळ्यात सुंदर धबधबा आला तरी हिचे डोळे मिटलेले. ह्यांचं मत रेल्वे आधी. त्यावर ताई ओरडली, “म्हणजे जेवणानंतर बस? आणि घाट उतरायचा? भरल्या पोटी? तुम्ही तिचे नवरे आहात की कोण?”

मी मध्येच एकदा म्हटलं, “मला विचाराल का कोणी?” तर भावोजी म्हणाले, “तू थांब. तुझाच प्रश्न सोडवतोय.”

भावोजींबद्दल थोडं सांगायला हवं. ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात होते. जन्मभर त्यांनी भोंगा वाजवला आणि शेकडो माणसांना शिफ्ट सोडून एका झाडाखाली उभं केलं. खरा अपघात त्यांच्या वाट्याला कधी आला नाही, पण तालमी मात्र भरपूर झाल्या. निवृत्त झाल्यावर ही सवय त्यांनी घरी आणली. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला पाहुणे यायच्या आधी त्यांनी स्वयंपाकी आणि भटजींसकट सगळ्यांना एकदा हॉलबाहेर काढून परत आत घेतलं होतं. भटजींना वाटलं मुहूर्तच बदलला.

तर शनिवारी संध्याकाळी भावोजी आणि ताई अचानक आमच्या दारात. भावोजींच्या हातात कंपनीचं जुनं पिवळं हेल्मेट.

“बोलून काही होणार नाही,” ते चप्पल काढता काढता म्हणाले. “उद्या करून बघू.”

“काय करून बघू?”

“सहल. पेणहून रोह्याला रेल्वेने जायचं, रोह्याहून पेणला बसने यायचं. मध्ये भिसे खिंड आहे, वळणं आहेत. हिला लागली तर बस आधी घ्यायची. नाही लागली तर रेल्वे आधी. विषय संपला.”

“भिसे खिंड म्हणजे नॉर्वे आहे का?” मी म्हटलं.

“पोटाला काय कळतंय ते?” भावोजी म्हणाले.

ह्यांना ही कल्पना एकदम पसंत पडली. ह्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, घराला लागूनच. आयुष्यभर ह्यांनी मूर्ती पेंढ्यात बसवून ट्रकने पार कुठे कुठे पाठवल्या. त्यांचं ठाम मत होतं की मला बस लागते कारण मी बसमध्ये हलते. “मूर्ती बघ,” म्हणाले. “मुंबईपर्यंत खड्ड्यांतून जाते. नीट बसवली असली तर तिला काही होतं का?” आणि त्याच रात्री त्यांनी पेंढा आणि जुन्या लुगड्याची एक जाड चुंबळ वळली. डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशीच, फक्त ही गळ्यात घालायची.

तालीम करायची तर पूर्ण, असा भावोजींचा बाणा. परदेशात आपले फोन चालणार नाहीत, म्हणून उद्या सगळ्यांचे फोन घरी ठेवायचे. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून आमचं घर हे जहाज. पाच वाजता शिडी वर. आता शिडी वर घ्यायला जहाजावर कोणीतरी हवं. घरात उरल्या माझ्या सासूबाई.

सासूबाई धरमतरच्या खाडीच्या बाजूच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. जहाज कोणासाठी थांबत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाला मुंबईला मुलगी बघायला जायचं होतं, तेव्हा धरमतरची लाँच त्याच्या डोळ्यांदेखत सुटली. ज्याची लाँच चुकली नाही अशा दुसऱ्याच माणसाशी त्या मुलीचं लग्न झालं. सासूबाई ही गोष्ट अजून कालच घडल्यासारखी सांगायच्या.

“मावशी, तुम्ही कॅप्टन,” भावोजी त्यांना समजावत होते. “पाच वाजले की कडी लावायची. मग कुणीही येऊ दे, उघडायचं नाही.”

“तुमी आलात तरी?”

“मी आलो तरी.”

“माजा पोरगा आला तरी?”

“कुणीही. उशीर झालेल्यांनी आपल्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं, असा नियम आहे.”

सासूबाईंनी मान डोलवली. “समाजलं,” म्हणाल्या. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

रविवारी सकाळी आम्ही पेण स्टेशनवर. सगळ्यांत पुढे हेल्मेट घातलेले भावोजी, कारण तिकडे गाइडच्या हातात झेंडा असतो म्हणे, तो ओळखून मागे चालायचं. त्यांच्या मागे ताई. तिच्या मागे दोन उश्या काखोटीला मारलेले हे, आणि शेवटी गळ्यात चुंबळ घातलेली मी. रेल्वेत चुंबळीची गरज नव्हती, मी तसं म्हटलंही, पण ह्यांचं म्हणणं मूर्ती एकदा बसवली की मध्ये सोडायची नसते.

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी आली ती भरूनच आली. आम्ही चढलो तर खिडकीजवळ टोपल्या घेतलेल्या बायका बसलेल्या. त्यातली एक माझ्याकडे बघून दुसरीला म्हणाली, “अगो, सरक गो जरा. या बायची मान मोडलीय.”

“मान नाही मोडली,” मी म्हटलं.

“नाय मोडली तरी बस गो. बरोबर डॉक्टर पण हाय वाटतं,” ती हेल्मेटकडे बघत म्हणाली. हेल्मेटवाला कसला डॉक्टर असतो, ते मी विचारलं नाही. खिडकी मिळाली होती.

पुढे देखाव्यावरून भांडण. भावोजी म्हणाले डावीकडे बसा, डोंगर डावीकडे. हे म्हणाले उजवीकडे बसा, खाडीकडची उघडी शेतं उजवीकडे. ज्या रस्त्याने आम्ही सगळे जन्मभर जातोय-येतोय, त्याच्या कुठल्या बाजूला बघण्यासारखं आहे यावर दोन म्हातारे कासू स्टेशन येईपर्यंत तावातावाने बोलत होते. भात कापून झालं होतं, शेतांतून वाल पसरला होता. खरं सांगायचं तर छान दिसत होतं. इतक्या वर्षांत मी त्या खिडकीतून बाहेर कधी असं बघितलंच नव्हतं, कारण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी बारशाला नाहीतर बाराव्याला उशीर झालेला असायचा. टोपलीवाल्या बाईला मी म्हटलं, “काय सुंदर दिसतंय नाही?” तिने बाहेर वाकून बघितलं आणि म्हणाली, “काय?”

नागोठण्याची नदी आली तेव्हा भावोजींनी “प्रवासी मित्रहो” म्हणून सुरुवात केली. ताईने त्यांची पॅन्ट मागून ओढून त्यांना खाली बसवलं.

रोह्याला उतरलो आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. तिकडच्या सहलीत वरच्या स्टेशनवर थोडा मोकळा वेळ होता, म्हणून भावोजींनी इथेही मोकळा वेळ जाहीर केला. बाजारात फिरा, काही खा, फोटो काढा. फोटो काढायला फोन नव्हते. आणि ताईचं घर पलीकडेच.

“मी जरा घरी जाऊन येते,” ताई म्हणाली. “मोटर चालू राहिली की काय, बघते.”

“तुझं इथे घर नाही,” भावोजी म्हणाले.

“काय?”

“तू पर्यटक आहेस. तू हे गाव आजच बघतेयस.”

ताई काही वेळ पर्यटक होऊन बाजारात उभी राहिली. पण रोह्याच्या बाजारात ताईला ओळखत नाही असं कोणी नाही. भाजीवाली म्हणाली, “ताई, आज पिशवी नाय आणली?” औषधांच्या दुकानातल्या माणसाने भावोजींच्या गोळ्या आल्याचं सांगितलं. तिच्या भजनी मंडळातल्या एक बाई समोरून आल्या आणि विचारू लागल्या, “अगो, इथे काय उभी? कोणाची वाट बघतेस?”

“फिरायला आलोय,” ताई दात ओठ खात म्हणाली.

“कुठे?”

“रोह्याला.”

त्या बाईंनी भावोजींच्या हेल्मेटकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या चुंबळीकडे बघितलं, ह्यांच्या काखेतल्या उश्यांकडे बघितलं आणि ताईचा हात हातात घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “काय लागलं तर सांग हां गो.”

ते ऐकलं आणि ताईचा बांध फुटला. “मोटर बघून येते,” म्हणाली आणि सरळ रिक्षात बसून वरसेला निघून गेली.

आता नियमाप्रमाणे आम्ही तिला सोडून जायला हवं होतं. भावोजी तसं म्हणालेही. पण बस आली, त्यांनी बसकडे बघितलं, वरसेच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पुढची घेऊ.” लग्नाला चाळीसेक वर्षं झालेल्या माणसाचं शहाणपण ते. पुढची बसही गेली. तिसरी लागलेली असताना ताई हसत हसत आली. मोटर बंदच होती. पण परसातल्या वालाला शेंगा लागलेल्या, त्या काढत बसली होती. मोठी पिशवी भरून आणली होती.

बसमध्ये ह्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. एका बाजूला खिडकी आणि उशी, दुसऱ्या बाजूला उशी आणि हे स्वतः, गळ्यात चुंबळ, पायांत शेंगांची पिशवी दाबून बसवलेली. मला हाताने नाक खाजवायचीही सोय राहिली नव्हती. ताई मागच्या बाकावर. भावोजी मात्र बसायला तयार होईनात. ते ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला टेकून, रस्त्याकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

कंडक्टर म्हणाला, “काका, हेल्मेट कशाला? आमचा ड्रायवर चांगला हाय.”

“निरीक्षण चाललंय,” भावोजी म्हणाले.

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं आणि तो तिकिटं फाडत मागे गेला.

गाव संपलं, चढ लागला, वळणं सुरू झाली. भावोजींची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना.

“आता कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

गाडी डावीकडे कलली, मग उजवीकडे.

“आता?”

“बरंच वाटतंय.”

“मळमळ? तोंडाला पाणी?”

“नाही हो भावोजी.”

“लपवू नकोस. खरं सांग.”

“खरंच काही होत नाहीये.” आणि खरंच काही होत नव्हतं. मलाच नवल वाटत होतं. हे शेजारून पुटपुटले, “पेंढा.” मागून ताई माझ्या डोक्यावरून वाकून बघत होती. खिंडीतलं मोठं वळण आलं, सगळी बस एका अंगाला गेली, आणि भावोजींनी पुन्हा विचारलं, “आता?” पण या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी नीट बघितलं. त्यांचा चेहरा कच्च्या पपईसारखा झाला होता.

“भावोजी, तुम्हाला काही होतंय का?”

“मला?” ते म्हणाले. “मला कशाला? मी तर जरा...”

आणि त्यांनी हेल्मेट डोक्यावरून काढलं, उलटं केलं आणि त्यात तोंड घातलं.

आधी कोणीतरी खुसकन हसलं, आणि मग सगळीच बस. ताई तर हसता हसता बाकावरून खाली घसरली. कंडक्टर पुढे आला, त्याने हेल्मेटकडे बघितलं आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, “आता कळलं कशाला ते.”

नागोठण्याला आम्ही उतरलो. स्टँडच्या नळावर भावोजींनी तोंड धुतलं, हेल्मेट धुतलं. ह्यांनी त्यांना लिंबू सोडा आणून दिला. सोडा पिऊन झाल्यावर त्यांना बोलायचं बळ आलं, तेव्हा पहिलं वाक्य काय, तर “उलटं उभं राहिल्याने झालं. हे धरायचं नाही.”

“मग काय धरायचं?” ताईने विचारलं आणि पुन्हा हसू लागली.

पुढच्या बसमध्ये चढायला ते तयार होईनात. रिक्षाने पेणपर्यंत जाऊ म्हणाले. रिक्षावाल्याने नाही म्हटलं, कारण तो त्यांना नळावर बघत होता. शेवटी ह्यांनी माझ्या गळ्यातली चुंबळ काढली आणि भावोजींच्या गळ्यात घातली. दोन्ही उश्याही दिल्या. आणि कोपऱ्यात नीट बसवलेल्या मूर्तीसारखे भावोजी डोळे मिटून वडखळपर्यंत आले. वडखळला नेहमीसारख्या गाड्या एकमेकांत अडकलेल्या. कोणी पुढे जाईना, कोणी मागे येईना. मी खिडकीतून ट्रकच्या मागे लिहिलेलं सगळं वाचलं, शेंगांतले कोवळे दाणे सोलून तोंडात टाकले, एक झोपही काढली. जन्मात पहिल्यांदा बस मला इतकी आवडली.

पेणच्या रामवाडी थांब्यावर उतरून रिक्षाने घरी आलो तेव्हा पाच वाजून बराच वेळ झाला होता. दाराला आतून कडी.

ह्यांनी कडी वाजवली. “आई, उघड.”

वरच्या गॅलरीत सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं.

“जहाज गेलं,” म्हणाल्या.

“आई, मस्करी पुरे. दार उघड.”

“मस्करी नाय. वाजले किती बग. पाचला शिडी वर घेतली. तुमच्या साडवानेच सांगितलंय.”

भावोजी पुढे झाले. गळ्यात चुंबळ होतीच. “मावशी, मीच सांगितलं होतं, आता मीच सांगतो. उघडा.”

“तुमीच बोललात, मी आलो तरी उगडू नका. मग तेव्हाचं ऐकू का आताचं?”

समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बसली. कोणीतरी विचारलं काय झालं, तर सासूबाईंनीच वरून सांगितलं की यांचं जहाज चुकलं. “पुडचं बंदर गाटा म्हनावं,” त्या म्हणाल्या. “रोहा. तिकडे यांचं घर हाय.”

“आम्ही तिथूनच आलो ना!” ताई कळवळून ओरडली.

मग सासूबाईंनी आणखी एक बातमी दिली. सकाळी आम्ही निघालो आणि घरच्या फोनवर मुलीचा फोन आला होता. जागा संपत चालल्या म्हणून तिने आदल्या दिवशीच बुकिंग करून टाकलं होतं. रेल्वे आधी, बस नंतर. दुसरं शिल्लकच नव्हतं. आम्हाला फोन लावला तर चारही फोन आमच्याच घरात, टेबलावर, एकामागून एक वाजत होते.

आम्ही चौघं रस्त्यात उभे. भावोजी पायरीवर खाली बसले.

शेवटी वाट काढली ती ताईने. तिने शेंगांची पिशवी वर उचलून दाखवली. “मावशी, वालाच्या शेंगा आणल्यात. कोवळ्या आहेत.”

गॅलरीत थोडी हालचाल झाली. “किती?”

“पिशवी भरून.”

सासूबाई उठल्या. भाजीवाल्याकडून भाजी घ्यायला त्यांची दोरीला बांधलेली टोपली असायची, ती खाली आली. “माल चढवा,” त्या म्हणाल्या. “मान्सं नाय. माल चालतो.”

ताईने शेंगा टोपलीत भरल्या. टोपली डुलत डुलत वर गेली. सासूबाईंनी एक शेंग मोडून बघितली, दाणा चावला, मान डोलवली आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. हे कारखान्याची किल्ली काढू लागले, निदान मूर्तींमध्ये तरी बसू म्हणाले. तेवढ्यात आतून कडी सरकली.

दारात सासूबाई. हातात परात. “येवड्या शेंगा मी एकटी सोलू व्हय?” म्हणाल्या. “या आत. खलाशी म्हनून या. पाशिंजर म्हनून नाय.”

आम्ही चौघं ओटीवर गोल बसून शेंगा सोलल्या. त्या रात्री वालाचं बिरडं इतकं उत्तम झालं की भावोजींनी दोनदा वाढून घेतलं. बसमधलं त्यांचं पोट आठवून ताईने डोळे मोठे केले, पण ते म्हणाले, “आता मी घरात आहे. घर हलत नाही.” जेवल्यावर त्यांनी एकदा चाचरत विषय काढला की तालीम अर्धीच झाली, उलट्या बाजूनेही एकदा करून बघायला हवी. त्यावर सासूबाईंनी फक्त विचारलं, “कडी किती वाजता लावू?” आणि विषय तिथेच मिटला.

उन्हाळ्यात आम्ही खरंच गेलो. त्या डोंगरावरच्या सहलीत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही, सगळं वेळेवर सुटलं आणि वेळेवर पोहोचलं. उतरताना बस वळणांवरून अशी अलगद आली की भावोजी आणि मी दोघंही झोपलो, आणि जाग आली तेव्हा समोर जहाज उभं. मात्र चढताना एका मोठ्या धबधब्यापाशी रेल्वे जरा वेळ थांबली, सगळ्यांना खाली उतरून बघायला. गाडीतून उतरताना ताईने आमच्या चारही जागांवर एकेक हातरुमाल टाकून ठेवला. धबधबा बघून, सगळे भिजून परत चढलो, तर रुमाल गायब. ताई चिडली, जागा कोणी घेतल्या म्हणून शोधू लागली, तर जागाही रिकाम्याच. गाडी सुटल्यावर गार्ड दोन्ही हातांत आमचे चार रुमाल धरून डब्यातून फिरत होता. विसरलेल्या वस्तू कोणाच्या आहेत, असं तो प्रत्येकाला अदबीने विचारत होता. ताईने पहिला रुमाल माझा म्हणून घेतला. तो हसला. तिने दुसराही घेतला. तो थोडा थांबला. तिसरा आणि चौथाही तिनेच घेतला, तेव्हा त्याने तिच्याकडे मोठ्या काळजीने बघितलं, आपल्या खिशातून कागदी रुमालांचं एक अख्खं पाकीट काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. तिला फार सर्दी झाली असावी, असं त्याला वाटलं.